मयत सभासदाच्या लेकीचं चेअरमनसाहेबांना खुलं पत्र

मा. चेअरमनसाहेब,


कारखान्याचा वार्षिक अहवाल परवा पोस्टाने मिळाला. पाकिटावर आमच्या आप्पांचं नाव, सभासद क्रमांक, गाव, गट, सगळं बिनचूक होतं. आप्पांना जाऊन या श्रावणात नऊ वर्षं झाली, एवढीच काय ती अडचण. पण तुम्ही त्यांना विसरला नाहीत. दिवाळीची साखर त्यांच्या कार्डावर येते, सभेचं निमंत्रण त्यांच्या नावाने येतं आणि मागच्या पंचवार्षिकला त्यांनी मतदानही केलं, असं केंद्रावरच्या पोराने मला हसत हसत सांगितलं. हयात असताना गुडघ्यांमुळे दोन निवडणुका चुकवलेला माणूस वर गेल्यावर इतका हिंडताफिरता झाला, याबद्दल आपलं अभिनंदन करावं तेवढं थोडं.

आई मात्र हयात आहे. त्यामुळे ती अजून सभासद होऊ शकलेली नाही.

वारस नोंदीचा पहिला अर्ज आम्ही आप्पांच्या वर्षश्राद्धानंतर दिला. शेअर्स विभागातल्या भाऊसाहेबांनी तो आस्थेने वाचला, मला जरा बाजूला घेतलं आणि म्हणाले, “ताई, कशाला म्हातारीला दगदग? दादाच्या नावावर करून टाका की.” दादा म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो हिंजवडीला कॉम्प्युटरसमोर बसतो, गुणी आहे, पण लागण कुठली आणि खोडवा कुठला हे त्याला बांधावर उभं करून विचारलं तर तो गुगलकडे बघेल. आईने त्या उसाला चाळीस वर्षं रात्री-अपरात्री लाइट आली की उठून पाणी दिलंय. तरी भाऊसाहेबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सभासदत्वाला लागणारी मुख्य पात्रता दादाकडे जन्मजात आहे, आईने ती चाळीस वर्षांत कमावली नाही.

तर पाच अर्ज झाले. एक गहाळ झाला. एकावर ‘मंडळाच्या ठरावासाठी ठेवणे’ असा शेरा आहे आणि तो ठराव अजून वाटेत आहे. उरलेल्या तिन्हींवर शेराही नाही.

मी एका बँकेत एकतीस वर्षं खातेवह्या लिहिल्या. निवृत्त झाले तरी सवय जात नाही, अहवाल हातात आला की आधी आकडे वाचते. तुमचे आकडे चोख आहेत. साखर उतारा दशांशानंतर दोन घरांपर्यंत. बगॅस किती, मळी किती, सहवीज किती युनिट, बारदान किती. गेल्या हंगामात किती तास गाळप बंद होतं आणि त्यातले किती तास ऊस वेळेवर न आल्यामुळे, तेही आहे. बायका किती हे मात्र कुठल्याच परिशिष्टात सापडेना. मग मी फोटो मोजले.

पहिल्या पानावर संचालक मंडळ. एकवीस चौकोन, त्यात एकोणीस फेटे आणि टोप्या, शेवटच्या ओळीत दोन पदर. पदरांच्या खाली कंसात ‘महिला राखीव’. बाकीच्यांच्या खाली ‘पुरुष राखीव’ लिहिलेलं नाही. ते समजून घ्यायचं असतं.

दोन हा आकडा कुठून आला हे मला माहीत आहे. ९७व्या घटनादुरुस्तीने २०१२ पासून सहकारी संस्थांच्या मंडळावर दोन जागा बायकांसाठी ठेवायला सांगितल्या. पुढे २०२१ साली सुप्रीम कोर्टाने त्या दुरुस्तीतला राज्यांच्या सहकाराचा भाग रद्द केला, पण आपल्या राज्याने त्या जागा आपल्या कायद्यात आधीच घातल्या होत्या, म्हणून वाचल्या. कायद्याने तिथे उंबरा घातला होता. तुम्ही त्याचंच आढं केलंत. दोनपेक्षा तिसरी बाई सर्वसाधारण गटातून निवडून येऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही. मी शोधलं. बहुधा ते गव्हाणीवर लिहिलेलं असावं, जिथे आम्हाला फक्त मोळी टाकण्याच्या दिवशी नेतात.

त्या दोन पदरांपैकी एक माझ्या लांबच्या नात्यातल्या काकू आहेत. एकदा त्यांच्याकडे गेले होते तेव्हा त्या सोप्यात ज्वारी निवडत बसल्या होत्या. दारात मोटारसायकल थांबली. कारखान्याचा शिपाई सभेचं हजेरी-बुक घेऊन आला होता. काकूंनी हात पदराला पुसले, चष्मा शोधला, सही केली. “कशावर आहे रे?” “मागच्या मीटिंगवर, काकू. डिस्टिलरीचं होतं.” “बरं बरं. चहा घेऊन जा.” त्या डिस्टिलरीच्या विस्तारात किती कोटींचं कर्ज होतं ते मी नंतर अहवालात वाचलं. काकूंनी वाचलं की नाही विचारायचा धीर झाला नाही. मीटिंगला काका बसले होते. बाहेर गाडीत नव्हे, आत, खुर्चीवर.

काकूंना दोष देऊ नका हं. त्या मॅट्रिकला तालुक्यात पहिल्या आल्या होत्या आणि घरच्या डेअरीचा पै-पैचा हिशेब अजून तोंडी करतात. त्यांना हजेरी-बुक दारात मिळतं आणि अजेंडा मिळत नाही, ही व्यवस्था त्यांनी नाही केलेली.

आता न्याय म्हणून सांगते, हे फक्त सहकारातलं दुखणं नाही. मुंबईचे शेठ तुमच्याच तालमीतले. २०१३च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारातल्या कंपन्यांना मंडळावर निदान एक बाई घ्यायला सांगितलं. सेबीने मुदत दिली, वाढवली, आणि १ एप्रिल २०१५ ही तारीख उगवत आली तसा बऱ्याच उद्योगपतींना साक्षात्कार झाला की देशातली सर्वात कर्तबगार बाई आपल्याच घरात, पलीकडच्या खोलीत राहते. कोणाची पत्नी, कोणाची बहीण, कोणाची सून. शेवटी मोठ्या कंपन्यांसाठी नियमात ‘स्वतंत्र’ महिला संचालक असं लिहावं लागलं, पहिल्या पाचशेंना २०१९च्या एप्रिलपासून आणि पहिल्या हजारांना २०२०च्या. पुरुषांच्या बाबतीत ‘स्वतंत्र’ म्हणजे कंपनीच्या हितसंबंधांपासून स्वतंत्र. बायकांच्या बाबतीत त्याचा पहिला अर्थ नवऱ्यापासून. तुमच्यापर्यंत तो शब्द अजून आलेला नाही. काका निश्चिंत आहेत.

तुम्ही म्हणाल, बाईला मंडळावर आणायला आधी ती सभासद हवी, सभासद व्हायला तिच्या नावावर ऊस हवा, ऊस असायला जमीन हवी. अगदी बरोबर. ही साखळी तुम्ही मला सभेत समजावून सांगितली होतीत, माईकवरून, आणि लोक हसले होते. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांमध्ये बायका सुमारे १४ टक्के होत्या. महाराष्ट्राने लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत १९९४ सालीच बरोबरीचा हक्क दिला, दिल्लीच्या अकरा वर्षं आधी. त्याच्याही आधी, १९८६ साली, चांदवडला शेतकरी बायकांचा तो प्रचंड मेळावा झाला, त्यातून शरद जोशींची लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली आणि १९९२ साली सरकारने नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्याचा निर्णयही काढला. एवढं सगळं झालं आणि मग बहिणी रक्षाबंधनाला माहेरी आल्या आणि हक्कसोडपत्रावर सह्या करून गेल्या. साडी चांगली होती. मीही केली असती, पण मला बँकेत कागद वाचून सही करायची खोड लागलेली होती.

म्हणजे साखळीतली पहिली कडी आमच्याच घरात घडते, हे कबूल. तिचं कुलूप मात्र तुमच्या ऑफिसात आहे. आमच्या सातबाऱ्यावर आईचं नाव आठ वर्षांपूर्वी लागलं. तलाठ्याने सहा महिने घेतले, पण लावलं. तुम्हाला आठ वर्षं पुरली नाहीत.

आणि आता अहवालाच्या तिसऱ्या पानाकडे वळू, कारण तो फोटो मला फार आवडला. बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ. व्हाइस चेअरमनसाहेब पाटावर, शेजारी वहिनीसाहेब, उपरण्याला शालूची गाठ, समोर सत्यनारायण. खाली छापलंय, ‘यांच्या शुभहस्ते सपत्नीक’. मी जुने अहवाल काढून बघितले. दरवर्षी एक संचालक आणि त्यांची सौ. बॉयलरला, एक जोडी काट्याला, एक जोडी गव्हाणीला. म्हणजे बायकोशिवाय तुमचा बॉयलर पेटत नाही! एकवीस जणांच्या मंडळाला दोन बायका जास्त वाटतात, पण एका बॉयलरला एक पुरी बाई लागते. धर्मशास्त्र सहकार कायद्यापेक्षा उदार निघालं.

पेटलेल्या बॉयलरच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या रानात, आणखी एक जोडी असते. तिथेही बायकोशिवाय चालत नाही. तिला तुमच्या भाषेत ‘एक कोयता’ म्हणतात. नवरा आणि बायको मिळून एक. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. एकटी बाई, विधवा किंवा टाकलेली, आली तर तिला आधी कुठला तरी दुसरा अर्धा शोधावा लागतो, भाऊ, दीर, वयात न आलेला मुलगा. माणसं मोजायला हत्याराचं नाव वापरणारा आणि दोन माणसांना एक हत्यार धरणारा दुसरा धंदा मला माहीत नाही. असेल तर कळवा, मी बँकेतली, मला आकड्यांची आवड आहे.

गेल्या जानेवारीत आमच्या फडात बीडकडची टोळी होती. मी चार दिवस बांधावर होते. कोपीतली चूल पहाटे तीनला पेटायची, ती बाईच पेटवायची. भाकरी बांधून पाचला फडात. तो तोडत जातो, ती मागून पाचट झटकते, ऊस गोळा करते, वाढ्याच्याच बंधाने मोळी बांधते. ट्रॅक्टर आला की पंचवीस-तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर. फळी ओल्या पाचटाने निसरडी झालेली असते. एका बाईला मी दुपारी चहा दिला आणि वहीत टिपायला नाव विचारलं. ती म्हणाली, “माजं कशाला? त्येंचं लिवा की, कोयता त्येंच्या नावावर हाय.” नंतर पेंड्या बांधता बांधता पुसटसं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, तिचा मुकादम पेपर वाचतो.

संध्याकाळी चिटबॉयने पावती फाडली. ती मी जपून ठेवली आहे. तिच्यावर प्लॉटधारकाचं नाव आहे, म्हणजे आमच्या आप्पांचं. मुकादमाचं नाव आहे. ट्रॅक्टरचा नंबर, ड्रायव्हरचं नाव. उसाची जात, ८६०३२. लागणीची तारीख. साहेब, त्या पावतीवर मेलेल्या माणसाचं नाव आहे आणि उसाच्या जातीलासुद्धा नंबर आहे. ती ट्रॉली जिने डोक्यावरून भरली तिच्यासाठी रकाना छापलेला नाही.

उचल नवऱ्याच्या नावावर, करार नवऱ्याचा, अंगठा नवऱ्याचा, आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामाला राबायचं दोघांनी. २०२४च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादापुढे, आणि टनाला २७३चे ३६६ रुपये झाले. वाढ चांगलीच होती, नाही म्हणत नाही. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. ते पैसे दोघांत वाटून बघा आणि बारा-चौदा तासांनी भागा. भागाकार मी करून ठेवलाय, पण तुम्हीही करा, चीफ अकाउंटंटला सांगा. बाईच्या स्वतःच्या मुठीत येतात ते वाढे विकून आलेले पैसे. एक पेंडी, दोन पेंड्या. बाकीचा तिचा सगळा हंगाम कोणाच्याही खात्यावर जमा नाही.

आणि त्या हंगामात एक दिवस बाई उठली नाही तर ‘खाडा’ लागतो. मग दोघांचा दिवस गेला आणि वर दंड. पाळी आली तरी खाडा, बाळंतपणाचं तर बोलूच नका. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढून टाकलेली निघाली. इथे मला विनोद करता येत नाही, पुढे जाऊ.

समान वेतनाबद्दल तुमच्यावर कोणी खटला भरू शकणार नाही, हे मी वकिलाला विचारून घेतलंय. २०२५पर्यंत लागू असलेला १९७६चा समान वेतन कायदा म्हणायचा, त्याच कामाला बाईला पुरुषापेक्षा कमी पैसे देऊ नका. तुम्ही कमी देतच नाही. तुम्ही तिला देतच नाही. जिथे वेतनच नाही तिथे असमान काय असणार? मोठमोठ्या कंपन्यांच्या कायदेसल्लागारांना हे सुचलं नाही आणि तुमच्या शेतकी विभागाला सुचलं.

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीला तर हे अजिबात सुचलं नव्हतं. तिथे ऑड्री डिकॉस्टा नावाच्या स्टेनोग्राफर होत्या. १९७७ साली नोकरी गेल्यावर त्यांनी तक्रार केली की पुरुष स्टेनोंपेक्षा आम्हा बायकांना कमी पगार होता. कंपनी म्हणाली, आमच्या लेडी स्टेनो गोपनीय कामाच्या, साहेबांना जोडलेल्या, त्या कामावर पुरुषच नाहीत, मग तुलना कोणाशी? शिवाय युनियनशी करार झालेला आहे. शिवाय आमची ऐपत नाही. १९८७ साली सुप्रीम कोर्टाने तिन्ही सबबी बाजूला ठेवल्या. समान पगार देणं मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही, असं स्पष्ट सांगितलं. एका स्टेनो बाईने दहा वर्षं एका बड्या कंपनीचा पिच्छा पुरवला, काही हजार रुपयांच्या फरकासाठी.

तुमच्या तिन्ही सबबी मला पाठ आहेत म्हणून ही गोष्ट सांगितली. मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. दर लवादाने ठरवलाय. आणि कारखाना तोट्यात आहे. एक भर घालते: तोडणी-वाहतुकीचा खर्च तुम्ही आमच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या ठरलेल्या दरातून, कापून घेता. म्हणजे त्या बाईच्या न लिहिलेल्या मजुरीचे पैसे आईच्या उसातूनच जातात. आईचं नाव तुमच्या यादीत नाही, त्या तोडणीवाल्या बाईचं नाव तुमच्या पावतीवर नाही. दोघी एकमेकींना पैसे देतात-घेतात आणि दोघींच्या मधे तुम्ही, मुकादम आणि आमचे कै. आप्पा.

सभेत तुम्ही मला उत्तर दिलं होतंत, “आमच्याकडे बायकांना देवीसमान मान आहे.” तो आहे, मी फोटो बघितलाय. तुम्ही असंही म्हणालात की बायका पुढे येत नाहीत. आल्या आहेत की. परळीच्या वैद्यनाथ कारखान्याच्या अध्यक्षपदी पंकजाताई होत्याच. पण तुम्ही ज्या वाटेने चेअरमन झालात, सभासद, मग गट, मग संचालक, मग अविरोध, त्या वाटेने वर आलेली एखादी साधी ऊस उत्पादक बाई तुम्हाला आठवते का? मला आठवायला बराच वेळ लागला. अजून आठवतेय.

मागायचं फार नाही. मंडळात निम्म्या बायका घ्या असं म्हणत नाही, ग्रामपंचायतीत २०११ पासून निम्म्या आहेत आणि तिथे सरपंचपतींची नवी जमात तयार झाली, ते बघितलंय. काकूंना सभेला बोलवा, शिपायाला नाही पाठवायचं. अजेंडा आठ दिवस आधी आणि त्यांच्या हातात. तोडणीच्या पावतीवर जिथे ८६०३२ छापता तिथे शेजारी दोन रकाने छापा, दोघांची नावं आणि दोघांचं खातं. कागद तोच, शाई तीच, छपाईच्या खर्चात एक पैसा वाढणार नाही, मी प्रेसवाल्याला विचारलंय. त्या बाईला निदान कोणाकडे मागायचं ते कळेल.

उरला आईचा विषय. सोबत वारस नोंदीचा सहावा अर्ज जोडला आहे. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि भावाचं संमतीपत्रही आहे, त्याने ते मेलवर पाठवलं आणि मी छापून घेतलं. अर्ज मिळाल्याची पोहोच द्यावी, आणि ती आप्पांच्या नावाने पाठवू नये ही विनंती. कळावे.

आपली,
मयत सभासदाची मुलगी